नानांची डावी बाजू

पाचोऱ्याला भडगाव रोडवर माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक खोली, दोन जुन्या कार, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि मी. माणसं येतात, खुर्ची ओढतात आणि म्हणतात, "ताई, लायसन काढणं शे." कशाचं, असं विचारलं की म्हणतात, "गाडीनं." कोणत्या गाडीचं? "बठ्ठास्नं काढी द्या ना एकदाच, कटकट नको." सगळ्या गाड्यांचं, एकदाच! इथून माझं डोकं तापायला लागतं.

मग मी शिकवते. बिनगिअरची स्कूटर वेगळी, गिअरची मोटारसायकल वेगळी. कार, जीप हा हलक्या वाहनांचा वर्ग. शेतातला ट्रॅक्टरही त्यातच येतो, आणि ट्रॅक्टरला लायसन लागतं हे ऐकून निम्मी माणसं मी त्यांची गंमत करतेय अशा नजरेनं बघतात. पाटी पांढरी असेल तर गाडी घरची, पिवळी असेल तर धंद्याची. साडेसात टनांच्या आतली छोटी मालगाडी कारच्या लायसनवर चालवता येते, तसं वरच्या कोर्टानं सांगितलंय. त्याच्या पुढचा ट्रक किंवा बस म्हटलं की ट्रान्सपोर्टचं लायसन, आणि कारचं काढून वर्ष झाल्याशिवाय ते मागायचंसुद्धा नाही. एवढं घसा कोरडा करून सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हंजे लायसनम्हा बी जाती शेतस का ताई?" मी म्हणते, आहेत, पण ह्या जाती परीक्षा देऊन बदलता येतात, तेव्हा मुकाट्यानं अर्ज भर.

आमच्या वस्तीत हे सगळे वर्ग एकाच कार्डावर असलेला एकच माणूस होता, तो म्हणजे माझा बाप. गुलाब अहिरे. अख्खी वस्ती त्यांना नाना म्हणते, मीही नानाच म्हणते. जड वाहनाची परीक्षा त्यांनी धुळ्याला दिली, माझ्या जन्माच्याही आधी. आमच्या घरात त्यांच्या बापाची, आजाची कधी सायकलसुद्धा नव्हती. गाडीत बसायचं म्हणजे दुसऱ्याच्या, आणि तेही मागं, पोत्यांवर. त्यामुळे ट्रकचं लायसन हातात आलं तेव्हा नानांनी ते आधी आजीच्या हातात दिलं, आणि तिनं ते पदराला पुसून परत दिलं. आजीला वाचता येत नव्हतं. पण पोरगा आता पुढच्या सीटवर बसणार एवढं तिला कळलं होतं.

मी नानांना आयुष्यात निवांत बसलेलं पाहिलेलं नाही. माझ्या लग्नात ते मंगल परिणय चालू असताना तीन वेळा मांडवाबाहेर जाऊन आले, पाहुण्यांच्या गाड्या नीट लागल्यात का बघायला. विहारात वंदनेला बसले की त्यांचा उजवा पाय हलत असतो. माय, म्हणजे माझी आई केसरबाई, म्हणते की हा माणूस झोपेतही गिअर टाकतो. जळगावच्या ज्ञानेश्वरभाऊंच्या ट्रकवर ते केळी वाहायचे. केळीचं काम थांबू देत नाही. कापणी झाली, घड पाल्यात बसवून भरले की गाडी निघालीच पाहिजे, नाहीतर उन्हात माल पिकायला लागतो. नानांना हेच आवडायचं. कुणीतरी मागे लागलेलं असलं की त्यांना बरं वाटायचं. घरी आले की चहा उभ्यानं प्यायचे आणि विचारायचे, "काही आननं शे का बाजारमाईन?" काही आणायचं नसलं तरी जाऊन यायचे.

मला ह्या स्वभावाचा राग यायचा. लहानपणी फार यायचा.

आणि त्यांच्याबरोबर कायम असायचे झुलालकाका. नानांचे क्लीनर. क्लीनर म्हटलं की लोकांना मिसरूड न फुटलेलं पोर वाटतं, पण झुलालकाका नानांच्याच वयाचे. एवढी वर्षं ट्रकवर काढली, पण स्टिअरिंगला हात लावला नाही. "माले आठेच बरं," असं म्हणत डावीकडच्या दाराशी बसायचे. त्यांचं काम म्हणजे डावी बाजू. दारावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल. गल्लीत, वळणावर, ट्रक मागं घेताना नुसता त्या थापांवर कारभार चालायचा. मी लहानपणी ट्रकमध्ये बसले की मलाही थापा मारायच्या असायच्या, पण त्या दोघांनी मला ते कधी करू दिलं नाही. ह्या एका बाबतीत दोघेही कडक होते.

यंदा नानांच्या कार्डावरची ट्रान्सपोर्टची तारीख एप्रिलअखेर संपत होती. कार्डावर तारखा दोन असतात, हे मी रोज लोकांना सांगते. घरच्या गाडीची वेगळी, धंद्याच्या गाडीची वेगळी. धंद्याची दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि नानांच्या वयाला त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. फेब्रुवारीपासून मी मागे लागले होते. नाना आज उद्या करत होते. शेवटी म्हणाले, "तुना वयखीना डॉक्टर शे ना? त्यानाकडथाईन शिक्का मारी आन. माले कसाले नेस?"

माझ्या ओळखीचे शिक्का मारणारे डॉक्टर आहेत, नाही असं नाही. गावात सगळ्यांना माहीत आहेत. पण मी दुकान उघडलं त्या दिवसापासून त्यांच्या पायरीवर चढले नाही, आणि बापासाठी तर मुळीच चढणार नव्हते. मी म्हटलं, नाना, तुम्हाला काही झालेलं नाही तर डॉक्टरपुढे उभं राहायला काय जातं? ते चिडले. "मी काय आजारी शे का?" म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मग मागच्या काही गोष्टी आठवायला लागल्या. मान दुखते, मान दुखते असं ते म्हणायचे, पण दुखणारी मान माणूस जपतो. नाना तर डावीकडे बघायला सगळी मान, अगदी खांदासुद्धा वळवायचे. मायला स्कूटरवर घेऊन जाणं त्यांनी बंद केलं होतं. आणि माझी कार चालवली तर मायला शेजारी बसवल्याशिवाय चालवायचे नाहीत. मला वाटलं होतं, म्हातारपणी प्रेम वाढलंय.

माझ्या शाळेमागच्या मोकळ्या जागेत मी चुन्याची एक रेघ मारून ठेवलीय. तिथं उभं राहून पंचवीस मीटरवरच्या गाडीचा नंबर वाचायचा. लायसनच्या अर्जातच तसं विचारलेलं असतं, म्हणून मी प्रत्येकाकडून वाचून घेते. एका सकाळी नाना चक्कर मारायला आले तेव्हा मी त्यांना त्या रेघेवर उभं केलं. सहज, गंमत म्हणून केल्यासारखं दाखवलं. समोर माझी कार उभी होती. नानांनी नंबर घडाघडा वाचला.

"आता उजवा डोळा झाका," मी म्हटलं.

त्यांनी डोळ्यावर तळहात ठेवला आणि तितक्याच घडाघडा परत वाचला. माझा जीव भांड्यात पडला. मी हसलेसुद्धा. आणि मग माझी मलाच लाज वाटली, कारण ती कार माझी होती. ती घ्यायला नानाच माझ्याबरोबर आले होते. तिचा नंबर ते झोपेतही म्हणून दाखवतील.

तेवढ्यात रस्त्याकडेला एक मालवाहू रिक्षा येऊन थांबली. "नाना, आता ही वाचा," मी म्हटलं.

नानांनी मान पुढं काढली. तळहात तसाच उजव्या डोळ्यावर. मग म्हणाले, "ऊन येस डोयामा."

ऊन आमच्या पाठीवर होतं.

मी जवळ गेले आणि त्यांचा हात खाली घेतला. "कवयपासून?" मी विचारलं. रागात असले की माझ्या तोंडी आमची बोली येते.

"लई दिन व्हयनात," नाना म्हणाले. "पहिले धूसर व्हतं. मंग तेबी गयं."

"आणि तुम्ही ट्रक चालवताय?"

"झुलाल शे ना." जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "तोच मना डावा डोया शे. गाडी डोयानी चालाडत नहीत पोरी, अंगानी चालाडतस."

त्या क्षणी मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. हायवेवर, केळीनं भरलेला ट्रक, एक डोळा आणि दारावर मारलेल्या थापा! मी ओरडले. शिकायला आलेली दोन पोरं भिंतीआड पळाली.

दुसऱ्या दिवशी मी नानांना जळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. काचबिंदू निघाला. डावा डोळा गेलाय, आता परत येणार नाही, उजवा तरी सांभाळा, असं सांगून डॉक्टरांनी रोज टाकायचे थेंब दिले. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, तो मला, डॉक्टरांना नाही. "आते लायसननं काय?"

मी सांगितलं. ट्रान्सपोर्ट मिळणार नाही. मग छोटा हत्ती तरी? तोही नाही, कारण तो छोटा असला तरी माल वाहणारा. मात्र लायसन काढून पाच वर्षं होऊन गेल्यावर एक डोळा गेला असेल, तर घरची हलकी गाडी चालवायला अर्जात वाट ठेवलेली आहे. ड्रायव्हरच्या बाजूला बाहेर आरसा मात्र पाहिजे.

नाना दवाखान्याच्या पायरीवर उभे राहिले. मग इतके हसले की लोक बघायला लागले. "म्हंजे केयाले दोन डोया पाहिजेत आनि तुनी मायले एक पुरस? घरना मानसे मरनात तर चाली का सरकारले?"

केळीला दोन डोळे आणि मायला एक, अर्जाचा अर्थ तसाच निघत होता. मीही हसले, पण मला आतून वाईट वाटत होतं.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात कुणालाच सुखाचे गेले नाहीत. ट्रकवर जाणं बंद झालेले नाना सकाळी उठून एसटी स्टँडवर जायचे आणि बसेस मागं घेताना बघत उभे राहायचे. एकदा तर बसनं जळगावला जाऊन लगेच परत आले. कशाला गेला होता, विचारलं तर म्हणाले, "रस्ता देखाले." घरात आले की भांडी इकडची तिकडे करायचे. माय वैतागून मला फोन करायची, "तुना बापले काही काम सांग व माय, नही ते तो घर फिराई टाकी." ज्ञानेश्वरभाऊंचा फोन आला की नाना अंगणात जाऊन बोलायचे. गाडीवर कधी येता, ते विचारत होते. नानांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. आणि मला दम दिला होता, की वस्तीत बोललीस तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.

कारण चौदा एप्रिल जवळ आला होता.

आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीचा ट्रक नाना चालवतात. वर्षानुवर्षं. ज्ञानेश्वरभाऊ ट्रक देतात, पोरं तो धुऊन, निळे झेंडे लावून सजवतात, वर बाबासाहेबांची मोठी प्रतिमा आणि बुद्धमूर्ती, आणि नाना धुतलेला पांढरा सदरा घालून स्टिअरिंगवर. त्या दिवशी मात्र ते घाई करत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसाच्याही मागं राहून ट्रक नेतात. ह्या एका मानासाठी ते बाकी सगळं सोडायला तयार होते.

मी म्हटलं, नाना, यंदा नको. पोरं असतात आजूबाजूला. ते म्हणाले, "कार्डवर तारीख शे अजून. चोर शे का मी?" तारीख होती, हे खरंच होतं. मी म्हटलं, तारखेला दिसत नाही नाना, तुम्हाला दिसायला पाहिजे. त्यावर ते म्हणाले, "पायी मानूस चालस इतका वेग ऱ्हास. आनि झुलाल शे." मी मायला सांगितलं, तिनं सांगून पाहिलं. मी झुलालकाकांना गाठलं. ते बिचारे खाली मान घालून म्हणाले, "पोरी, मी पुरा रस्ता डावीकडे चालसू. एक पाय बी हटाऊ नही." आणि मी जयंतीच्या कमिटीकडे जायला निघाले, तर माय दारात आडवी आली. म्हणाली, एवढी एक मिरवणूक होऊ दे, मग तो स्वतःच सोडेल. मी तिचं ऐकलं आणि मिरवणुकीत ट्रकच्या डाव्या अंगाला, झुलालकाकांच्या मागं चालत राहिले. सगळा वेळ माझी नजर त्या पुढच्या चाकावर होती.

दिवेलागणीला मिरवणूक चौकात वळायला लागली. पुढं डीजे होता. यंदा पोरांनी मागच्या वर्षीपेक्षा मोठा आणला होता. आवाज एवढा, की छातीत धडधड कुणाची, आपली की त्याची, कळत नव्हतं. वळण डावीकडचं. आणि एका लहानग्या मुलीची पिपाणी हातातून सुटून ट्रकच्या पुढ्यात घरंगळली. ती वाकून उचलायला गेली.

झुलालकाकांनी दारावर थाप मारली. ट्रक थांबला नाही. परत मारली, मग तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी मारली. मला दारावर हात आपटलेला दिसत होता, पण आवाज मलाही येत नव्हता, दोन पावलांवर असून. तर वर नानांना कुठून येणार? काकांनी पोरीचा दंड धरून तिला मागं ओढलं आणि तसेच ट्रकच्या तोंडापुढं जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. नानांनी ब्रेक मारला. ट्रक काकांपासून वीतभरावर थांबला. पिपाणी चाकाखाली चिरडली गेली होती.

पोरगी रडत होती, ती पिपाणीसाठी. तिला दुसरं काही कळलंच नव्हतं. मी ट्रकच्या चाकाला धरून उभी राहिले.

नानांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. ते पुढून फिरून आले, चाकाखाली बघितलं, मग पोरीकडे बघितलं. कुणीतरी डीजे बंद केला होता. नाना झुलालकाकांना म्हणाले, "तू वाजाडं?"

"तीनदा वाजाडं."

"माले ऐकू उनं नही."

एवढंच बोलले. मग ते ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून वर झाले. सगळी वस्ती बघत होती, कमिटीची माणसं, बाया, निळे फेटे बांधलेली पोरं. आणि ज्या माणसानं मला गप्प राहण्याचा दम दिला होता, तो मोठ्यानं म्हणाला, "माले डावीकडनं काहीच दखास नही. लई दिनपासून दखास नही. दुसरं कोनी तरी बठा गाडीवर."

कमिटीची माणसं ट्रकभोवती जमली. मग शोधाशोध सुरू झाली. कमिटीतल्या प्रत्येकाच्या खिशात लायसन होतं, पण सगळी मोटारसायकलची नाहीतर कारची. माझ्याकडेही जड वाहनाचं नाही. एक जण म्हणाला, एवढंसं अंतर आहे, मी नेतो की हळूहळू. नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागं सरला. शेवटी शेजारच्या गल्लीतून एसटीवरच्या अभिमन पाटलांना बोलावून आणलं. ते रजेवर होते, तसेच जेवणावरून उठून हात पुसत आले. ट्रक पुढं निघाला. डीजे मात्र परत लागला नाही, पोरांनी ढोलावर भागवलं. नाना आणि झुलालकाका डाव्या बाजूनं चालले, मधे पोरांना येऊ न देता. नानांचा चेहरा मला बघवत नव्हता.

 तिसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या शाळेत येऊन खुर्चीवर बसले. खरंच बसले. आणि म्हणाले, "ते ट्रकनं लायसन सरकारले परत देता येस का?"

येतं. एखादा वर्ग परत करायचा असेल तर त्याचाही अर्ज आहे. पण माझ्या टेबलावर तो आजवर कुणी मागितला नव्हता. लोक लायसनमध्ये भर घालायला येतात. मी म्हटलं, नाना, कशाला? महिनाअखेर तारीख संपतेच आहे, नवं करायचं नाही म्हणजे झालं. ते म्हणाले, "तू अर्ज भर." मी भरला.

जळगावच्या कार्यालयात आम्ही गेलो तेव्हा खिडकीवर गर्दी होती. आतल्या साहेबांनी अर्ज बघितला, कार्ड उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे बघून हसले. मला ते ओळखतात. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कळत नाही का? आणखी थोड्या दिवसांनी आपोआप संपतंय हे. बाबांना उगाच एवढ्या उन्हात कशाला आणलंत?"

मी बोलणार होते, पण नाना मला बाजूला सारून पुढं झाले. दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून म्हणाले, "आपोआप सरी जाई ते येगळं, साहेब. मी देस, ते येगळं."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी नानांकडे नीट बघितलं आणि अर्ज पुढं ओढला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. माझा बाप एवढा मोठा आहे हे मला त्या खिडकीपाशी कळलं, आणि ते कळायला त्यांना हे द्यावं लागलं, ह्याचं वाईट वाटलं.

कागद परत आमच्याकडे सरकवला गेला. नानांनी मान वळवून तो उजव्या डोळ्यापुढं धरला, मग मला विचारलं, "सही कोठे करू?"

मी रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाला लागून, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.